माशीघरातली बाई

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखात्याच्या भिंतीला लागून, दोन जाळीच्या दारांची एक खोली होती. पहिलं दार उघडून आत शिरायचं, ते नीट लावून घ्यायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. हा नियम कुणी मोडला की बाईंचा आवाज चढायचा; एरवी तो शेजारच्या टेबलापर्यंतही पोचायचा नाही. आत जाळीच्या पेट्यांमध्ये हिरव्या चमकदार माश्या, शेकड्यांनी. खोलीला सगळे माशीघर म्हणायचे आणि बाईंना माशीबाई. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण इस्पितळात पाठीमागचं बोलणं लपून राहतं थोडंच? बाईंना ठाऊक होतं, आणि त्या मनाला लावून घेत नसत.

मुळात बाई ड्रेसिंगवाल्या. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. माशीघर सुरू झालं ते एका म्हाताऱ्या रखवालदारामुळे. त्याच्या पोटरीवरची जुनी जखम त्याने फडक्यात गुंडाळून आठवडाभर कुणाला दाखवलीच नव्हती. बाईंनी फडकं सोडलं तर आत अळ्यांची वळवळ. जवळची नर्स तोंड दाबून बाहेर पळाली. बाई चिमट्याने एकेक अळी उचलून वाटीत टाकू लागल्या, आणि टाकता टाकता त्यांचा हात थांबला. हीच जखम त्यांनी महिन्यापूर्वी पाहिली होती: काळी, चिकट, नाक धरायला लावणारी. आता अळ्यांच्या खाली मांस कसं, तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखं गुलाबी.

"काका, हिला कुठलं मलम लावलंत?"

"मलम कसलं, पोरी. लावायला आहे कोण?"

बाईंनी हे वॉर्डात सांगितलं तेव्हा हसू पिकलं. हसला नाही तो एकच माणूस, नुकता रुजू झालेला सर्जन, वयाने बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. दुसऱ्या दिवशी तो काखोटीला जाडजूड पुस्तक मारून ड्रेसिंगच्या खोलीत आला.

"ताई, तुम्ही काल जे पाहिलंत ते जुन्या लढायांत सर्जन लोकांनी पाहून ठेवलंय. एका जातीच्या माशीच्या अळ्या फक्त सडलेलं मांस खातात, जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. त्यांच्या लाळेनं जंतूही मरतात. मग औषधं निघाली आणि लोक हे विसरून गेले. आता तीच औषधं कितीतरी जखमांना दाद देत नाहीत." पुस्तक मिटून तो म्हणाला, "आपण माश्या पाळू या?"

आपण, असं म्हणाला होता तो. बाईंना हा शब्द पुढे कित्येक वर्षं आठवत राहिला.

पहिलं वर्ष फजितीचंच गेलं. बशीत साखरपाणी ठेवलं तर माश्या त्यात बुडून मेल्या. बाईंनी पाण्यात कापसाचे बोळे टाकले तेव्हा त्या काठावर बसून पिऊ लागल्या. कलेजीचा तुकडा ठेवला की माश्या त्यावर अंड्यांचे पांढरे पुंजके घालत. ते पुंजके सोडवायचे, जंतुनाशकात धुवायचे, निर्जंतुक बरणीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तिळाएवढ्या अळ्या तयार. धुणं कमी पडलं तर अळ्यांबरोबर जंतूच जखमेत जाणार, आणि जास्त झालं तर अंडीच मरणार. किती मिनिटं धुवायचं, किती थंड पाण्यात, हे कुठल्याच पुस्तकात धड नव्हतं. ते बाईंनी हातांनी शोधलं आणि रजिस्टरात लिहून ठेवलं.

अळ्या जखमेवर ठेवल्या की इकडेतिकडे पळायच्या, चादरीत सापडायच्या, रोगी किंचाळायचे. यावरचा तोडगा बाईंच्या नवऱ्याने काढला. तो शिंपी होता. बाईंनी रात्रीच्या जेवणावर गाऱ्हाणं केलं, तर सकाळी त्याने झिरझिरीत जाळीची, काडेपेटीएवढी पिशवी शिवून पुढ्यात ठेवली, दुहेरी शिवणीची. अळ्या पिशवीत, पिशवी जखमेवर. अळी पळत नाही, रोग्याला दिसत नाही, आणि काम झालं की पिशवी उचलली, संपलं.

घरच्यांनी मात्र नाकं मुरडली. बाईंच्या थोरल्या जावेने त्यांच्या हातचा चहा सोडला. "किड्यांत हात घालून येते, आणि त्याच हातांनी कप देते!" शिंपी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाला, "वहिनी, अंगावर रेशीम मिरवताना विचारता का ते कुणाच्या थुंकीचं आहे? कपाटाला चढवलेली लाख कुणी अंगातून काढली, मध कुणाच्या पोटातून आला? सगळ्या किड्यांचं चालतं तुम्हाला. या बिचाऱ्या माशीनं काय घोडं मारलंय?" जाऊबाई चहा प्यायल्या नाहीत ते नाहीतच, पण बाईंना हे बोलणं इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते डॉक्टरांना जसंच्या तसं ऐकवलं. डॉक्टर खो खो हसले.

नऊ वर्षं माशीघर चाललं. कापायला निघालेले दोनशेहून अधिक पाय वाचले. डॉक्टर आता विभागाचे प्रमुख झाले होते, परगावी व्याख्यानांना जात. या नऊ वर्षांत बाईंना एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली. ती लॅबमध्ये काम करायची. प्रत्येक खेपेतल्या चार अळ्या ती जंतू असले तर वाढवणाऱ्या रसाच्या काचनळीत टाकून दोन दिवस उबेत ठेवायची. दोन दिवसांनी रस नितळ राहिला तर खेप चांगली. गढूळ झाला तर खेपेत जंतू शिरलेत, ती फेकून द्यायची. तोवर खेप थंड कपाटात. दोघी दुपारी माशीघराच्या पायरीवर डबा उघडत. मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा बाई आठ दिवस तिच्या घरी राहिल्या होत्या, आणि बाईंच्या मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा रक्त द्यायला धावली होती ती मैत्रीणच.

मग पाहुणे यायचं ठरलं. मोठ्या संस्थेची माणसं, कॅमेरेवाले. माशीघराला रंग दिला गेला. डॉक्टर पाहुण्यांना घेऊन जाळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी नेहमी म्हणतो, अंगावर रेशीम मिरवताना आपण विचारतो का ते कुणाच्या थुंकीचं आहे?" पाहुणे हसले. मागे उभ्या असलेल्या बाईही हसल्या. आपल्या माणसाचं वाक्य इतक्या मोठ्या लोकांत गेलं, याचंच त्यांना कौतुक वाटलं. पिशवी दाखवतानाही डॉक्टर म्हणाले, "ही आमची रचना." आमची म्हणजे सगळ्यांची, असं बाईंनी धरलं.

पाहुण्यांना प्रत्यक्ष उपचार पाहायचा होता. त्यासाठी एक बसड्रायव्हर निवडला होता. पन्नाशीचा माणूस, साखरेचा आजार, डाव्या टाचेला जखम. पण तयार खेप त्या आठवड्यात मेली होती आणि नवी खेप एकच दिवसाची होती. डॉक्टर लॅबमध्ये आले तेव्हा बाई तिथेच होत्या. मैत्रीण खिडकीकडे तोंड करून नळ्या पुसत होती.

"ताई, खेप द्या."

"नळीला एकच दिवस झालाय साहेब. उद्या सकाळपर्यंत थांबा."

"उद्या पाहुणे नसतील."

"पण रस अजून..."

"नऊ वर्षांत तुमची एक खेप बिघडली नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुमचा स्वतःवर नाही का?" असं म्हणून डॉक्टरांनी हसत कपाट उघडलं आणि बरणी स्वतः उचलली.

बाईंनी रजिस्टरात लिहिलं: खेप साहेबांनी नेली, नळीचा निकाल बाकी. पिशवी बांधायला त्या गेल्या नाहीत. ती डॉक्टरांनीच बांधली, कॅमेऱ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी उजेडात धरली तर रस तांदळाच्या धुवणासारखा. बाई पळतच वॉर्डात गेल्या. ड्रायव्हर तापाने फणफणला होता. त्यांनी पिशवी काढली, जखम धुतली, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. पण विष वर चढलं होतं. चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

चौकशी बसली तेव्हा बाई घाबरल्या. डॉक्टरांनी त्यांना जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. "ताई, काळजी करू नका. मी आहे ना." त्या रात्री बाई कितीतरी दिवसांनी शांत झोपल्या.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे तीन माणसं. मधल्या माणसाने डॉक्टरांचा लेखी जबाब वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: सदर खेप तपासणीत स्वच्छ ठरल्याचे संबंधित कर्मचारी महिलेने मला तोंडी सांगितले. बाईंना आधी वाटलं, वाचण्यात काही चूक होतेय. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर समोरच्या कागदांच्या कडा जुळवत होते.

"हे खोटं आहे," बाई म्हणाल्या. "मी थांबा म्हटलं होतं. रजिस्टरात लिहिलंय मी."

"रजिस्टर तुमच्याच ताब्यात असतं. मागाहूनही लिहिता येतं. कुणी ऐकलं का तुम्हाला थांबा म्हणताना?"

"हो. लॅबमध्ये माझी मैत्रीण होती." हे सांगताना बाईंना हायसं वाटलं.

मैत्रिणीला आत बोलावलं. ती हातातला रुमाल पिळत उभी राहिली.

"त्या दिवशी या बाईंनी डॉक्टरांना खेप नेऊ नका असं सांगितलं?"

मैत्रिणीने बाईंकडे पाहिलंच नाही. "मला आठवत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे सांगितलं नाही?"

"मला आठवत नाही, साहेब."

एवढंच. खोटं बोलली असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं. न आठवण्याशी भांडायचं कसं?

निष्काळजीपणाचा ठपका बाईंवर आला. तो त्यांच्या फाइलीत नोंदला गेला आणि त्यांना माशीघरातून काढून शेजारच्याच धुलाईखात्यात टाकलं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या. भिंतीपलीकडून माश्यांची गुणगुण ऐकू यायची. नवरा संतापला, पिशव्या शिवायचं त्याने त्याच दिवशी थांबवलं. बाई मात्र रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. घरी आल्या की खुर्चीत बसायच्या आणि एखादं जुनं बोलणं उकरून काढायच्या. "ते आमची रचना म्हणाले होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं," असं मध्येच म्हणायच्या. नऊ वर्षांची एकेक गोष्ट त्यांनी अशी उलटी करून पाहिली. सगळ्यात जास्त सलायचं ते जिन्यातलं बोलणं. मी आहे ना! म्हणजे तो जबाब तेव्हा लिहून झाला होता की व्हायचा होता? हा हिशेब त्यांना काही लागला नाही.

माशीघरात नवा माणूस आला. दोन महिन्यांत अर्ध्या माश्या मेल्या. बाजारच्या पिशव्यांची शिवण उसवून अळ्या पुन्हा चादरीत सापडू लागल्या. त्या चादरी धुवायला बाईंकडेच यायच्या. तिसऱ्या महिन्यात मैत्रीण धुलाईखात्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेबांनी विचारलंय, तू परत येशील का?"

बाईंनी चादरीची घडी पूर्ण केली. "तू ऐकलं होतंस की नव्हतं?"

मैत्रीण दारातल्या गाठोड्याची गाठ चाचपू लागली.

"इथं चौकशी नाही. मी विचारतेय."

"ऐकलं होतं," मैत्रीण म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "अगं, साहेब कपाट उघडत होते तेव्हा मीही हूं की चूं केलं नाही. अडवायचं काम माझं होतं, नळी माझ्या ताब्यात होती. आठवतंय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच होता, मग तू का गप्प बसलीस म्हणून."

"मग हेच लिहून दे."

"आता? आता कसं लिहू?"

"मग रडू नकोस. ओल्या चादरी पुष्कळ आहेत इथं."

बाई परत गेल्या नाहीत. साहेबांनी दुसऱ्यांदा निरोप धाडला, तरी गेल्या नाहीत. गेल्या त्या ड्रायव्हर आला म्हणून.

तो एका रविवारी त्यांच्या घरी आला, कुबड्यांवर, बायकोला घेऊन. शिंप्याने दार उघडलं आणि खुर्ची पुढे केली. ड्रायव्हरच्या तक्रारीच्या कागदावर बाईंचंच नाव होतं, आणि त्यावर त्याची सही होती. हे दोघांनाही माहीत होतं.

"उजव्या पायालाही जखम झालीये," तो म्हणाला. "हाही कापावा लागेल म्हणतात. इस्पितळात एक म्हातारी नर्स मला कानात म्हणाली, त्या बाई असतील तरच अळ्या लावून घे, नाहीतर नको."

"माझ्यामुळे पाय गेला असं तुम्ही लिहून दिलंत," बाई म्हणाल्या.

"मला तेच सांगितलं होतं. खरं काय ते तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर विश्वास बसेल?"

ड्रायव्हर खाली बघत राहिला. "खरं सांगू? माहीत नाही. पण मला पाय हवाय."

बाईंनी त्याचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, जखम पाहिली, पुन्हा बांधली. शिंपी काही न बोलता आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला.

सोमवारी बाई माशीघरात हजर झाल्या. डॉक्टर हात पसरून सामोरे आले. "या ताई, या! घरचं माणूस घरी आलं." बाईंनी रजिस्टर उघडून नवा रकाना आखला. "यापुढे खेप हवी असेल तर नळी स्वतः पाहायची आणि इथं सही करायची. सही नाही तर खेप नाही." डॉक्टर हसले, पण बाई हसल्या नाहीत हे पाहून त्यांनी खिशातून पेन काढलं.

ड्रायव्हरच्या पायावर चार वेळा पिशव्या लावल्या. प्रत्येक वेळी दोन दिवस नळी पाहिल्यानंतरच. सहा आठवड्यांत जखम भरून आली. डॉक्टर फोटो काढायला आले तेव्हा बाई शेवटची पट्टी सोडत होत्या. पट्टी गुंडाळत त्यांनी विचारलं, अगदी नेहमीच्या खालच्या आवाजात, "साहेब, त्या दिवशी मी थांबा म्हटलं होतं की नाही?"

डॉक्टरांनी कॅमेरा खाली घेतला. ड्रायव्हर त्यांच्याकडे पाहत होता, ड्रायव्हरची बायको पाहत होती.

"ताई, आता कशाला ते? झालं ते झालं. पाय वाचला ना."

"म्हटलं होतं की नाही, एवढंच सांगा."

"तुम्ही फार मनाला लावून घेता," डॉक्टर म्हणाले आणि फोटो न काढताच निघून गेले.

ड्रायव्हर बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "कळलं मला." त्याने तक्रार मागे घ्यायचा अर्ज दिला. उत्तर आलं की प्रकरण बंद झालंय, बंद प्रकरणातली तक्रार मागे घेता येत नाही. ठपका फाइलीत तसाच राहिला.

बाईंनी माशीघरात आणखी चार वर्षं काढली. रजिस्टरात डॉक्टरांच्या तीनशे सह्या झाल्या. बाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत, नीट बोलत, साहेबच म्हणत. मैत्रिणीकडून नळ्या घेत, तिच्या तब्येतीची चौकशीही करत. डबा मात्र एकट्याच खात.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या इस्पितळातून दोन मुली काम शिकायला आल्या. बाईंनी त्यांना अंडी सोडवायला शिकवलं, धुवायला शिकवलं, नळी उजेडात कशी धरायची ते दाखवलं. मग म्हणाल्या, "आणि सही घेतल्याशिवाय खेप हातातून सोडायची नाही. समोरचा कितीही आपला वाटला तरी."

"का हो बाई?" धाकटीने विचारलं. "असं काही झालं होतं का?"

इतक्या वर्षांत कुणी हे इतकं सरळ विचारलं नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. "झालं होतं," म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. रखवालदारापासून सुरुवात केली, काही गाळलं नाही, काही झाकलं नाही; कोण काय म्हणालं, कोण कुठे उभं होतं, सगळं. मुली डोळे विस्फारून ऐकत होत्या. तासभर तरी गेला असेल. मग थोरलीचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि ती चपापून उठली. चाळणीतली धुतलेली अंडी पार वाळून गेली होती.

"मरू दे," बाई म्हणाल्या, "कलेजीचा दुसरा तुकडा काढ."